मास्टर कुणाचा?

फॉर्मवर एक प्रश्न होता : रक्ताच्या नात्यात कुणाला काचबिंदू आहे का? त्याच्या आधीच्या प्रश्नांपुढं त्या मुलीनं भराभर खुणा केल्या होत्या. वय अठराच्या पुढं, शुगर नाही, बीपी नाही, डोळ्याचं ऑपरेशन नाही, डोळ्याला कधी मार लागलेला नाही. चष्म्याच्या नंबरापाशी ती थोडी थांबली, उणे साडेचार बघून ‘पाचच्या आत आहे, चालतंय’ असं स्वतःशीच म्हणाली आणि पुढं गेली. मग हा प्रश्न आला. मी समोरच्या बाकड्याकडं पाहिलं. तिथं आप्पा डोळे मिटून बसले होते, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब नुकतेच घातलेले, गालावर ओघळलेलं पाणी रुमालानं टिपत. ‘वडील का?’ तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं पेनचं टोपण लावलं. ‘सॉरी मॅडम, मग तुमचा नाही घेता यायचा. आम्हाला नॉर्मल डोळे लागतात.’

तिच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. ती इथं कोल्हापुरातल्याच एका मेडिकल कॉलेजात डोळ्यांचं पुढचं शिक्षण घेत होती आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता निरोगी प्रौढांच्या डोळ्यातल्या नसेच्या तंतूंची जाडी. आजारी डोळे रोज ढिगानं बघायला मिळतात, निरोगी डोळे मिळत नाहीत, असं ती सांगत होती. निरोगी माणूस डोळ्यांच्या दवाखान्यात येतो तो दुसऱ्या कुणालातरी हाताला धरून. म्हणून ती पेशंटबरोबर आलेल्यांना गाठत होती. सुना, जावई, शेजारी, रिक्षा लावून आत येऊन बसलेला रिक्षावाला. आम्हाला सोडायला आलेल्या माझ्या नवऱ्याला तिनं लगेच आत नेलं. त्याच्या सगळ्या उत्तरांपुढं खुणा झाल्या. थोड्या वेळानं तो बाहेर आला आणि ‘सगळं हिरवं आलं’ म्हणाला. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाच्या आत कुठंतरी टोचलंही. राजारामपुरीतून घरी येईपर्यंत मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. लांबच्या, बारीक अक्षरातल्या. सगळ्या वाचता येत होत्या.

माझ्या डोळ्यांना काहीच झालेलं नव्हतं.

काचबिंदूत डोळ्याच्या नसेचे तंतू झिजत जातात, आणि आप्पांच्या आजारामुळं त्या तंतूंचा थर आमच्या घरातल्या बोलण्यात येऊन बसला आहे. दवाखान्यात त्याला ‘नसेची जाडी’ म्हणतात, रिपोर्टवर तीन-चार अक्षरांचं आखूड नाव असतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, अगदी वरच्या बाजूला, बारीक तंतू अंथरलेले असतात. एकेका डोळ्यात दहा-बारा लाख. पडद्याच्या कानाकोपऱ्यातून ते निघतात आणि वळसे घेत एकाच ठिकाणी येतात, जिथून डोळ्याची नस मेंदूकडं जाते. पडद्यावर ते जिथून निघतात तिथं थर अगदी विरळ असतो. नसेच्या तोंडाशी गर्दी होते, तिथं तो जाड होतो. म्हणून माप तिथंच घ्यायचं. नसेच्या तोंडाभोवती सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ कल्पायचं आणि त्या वर्तुळावर थर किती जाड आहे ते बघायचं. निरोगी माणसात ही जाडी सरासरी ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी. सगळीकडं सारखी नसते. खालच्या बाजूला सगळ्यात जाड, मग वरच्या बाजूला, मग नाकाकडं, आणि कानशिलाकडं सगळ्यात पातळ. वर्तुळ उलगडून सरळ रेषेत मांडलं की दोन उंचवटे दिसतात, मधे खोलगट. आणि हे सगळं पारदर्शक. बाकीच्या शरीरातल्या बहुतेक मोठ्या नसांवर चरबीचं पांढरं वेष्टण असतं. हे तंतू डोळ्याबाहेर पडेपर्यंत ते वेष्टण अंगावर घेत नाहीत. घेतलं असतं तर उजेड त्यांच्यातून पलीकडं पोचलाच नसता. जे बघायला मदत करतात ते स्वतः दिसत नाहीत, म्हणूनच त्यांची झीज इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात येत नसावी.

हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं उपकरण लोकांपुढं ठेवलं तेव्हापासून डॉक्टर नसेचं तोंड बघत आले. पण तंतूंचा थर? हिरव्या उजेडात बारकाईनं पाहिलं तर पडद्यावर चंदेरी रेघा दिसतात, आणि जिथं तंतू गेलेत तिथं पाचरीसारखा काळपट पट्टा दिसतो. १९७० च्या दशकात हॉयट या डॉक्टरनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट मांडलं. तरी ते बघणंच होतं, नजरेचा अंदाज. मोजणं आलं ते १९९१ नंतर. त्या वर्षी एमआयटीतल्या फुजिमोटो यांच्या गटानं आणि त्यांच्या जोडीदारांनी उजेडानंच थरांची जाडी मोजायची युक्ती प्रसिद्ध केली. पडद्यावर मंद अवरक्त उजेड सोडायचा आणि कुठल्या थरावरून किती उजेड परततो ते पकडायचं. उजेड इतका वेगवान की त्याचा परतायचा वेळ घड्याळानं मोजता येत नाही. म्हणून त्याच उजेडाचे दोन भाग करतात, एक डोळ्यात आणि दुसरा आरशावर, आणि परत आल्यावर दोन्हींच्या लहरी एकमेकींशी जुळवून बघतात. मला यातलं सगळं कळतं असं नाही. पण इंजेक्शन नाही, डोळ्याला हात नाही, आणि जिवंत माणसाच्या डोळ्यातला थर पाच-सहा मायक्रॉनच्या बारकाईनं कागदावर येतो, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

मायक्रॉन हा शब्द मी शाळेत शिकले नाही. तो आमच्या घरात जेवणाच्या ताटावर यायचा. आप्पांचं आयुष्य उद्यमनगरात गेलं, इंजिनाचे सिलिंडर बोअर करण्यात. ऑइल इंजिनं, पाण्याचे पंप, गुऱ्हाळाची इंजिनं, पुढं ट्रॅक्टर. संध्याकाळी ते घरी आले की रॉकेलचा, होनिंगच्या तेलाचा आणि बीडाच्या काळ्या भुकटीचा एकत्र वास यायचा, आणि साबण दोनदा लावला तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. सोमवारी सुट्टी असली तरी कुणीतरी जॉब घेऊन यायचंच, शेत पाण्यावाचून वाळतंय म्हणायचं, आणि आप्पा शेड उघडायचे. मी मागं मागं जायचे. ऐंशी मिलिमीटरच्या बोअरला वर वीस-पंचवीस मायक्रॉनची सूट. त्यापलीकडं गेलं की पिस्टन सैल, इंजिन तेल पितं. अलीकडं राहिलं की गरम झाल्यावर आवळतं. बोअर झाल्यावर ते आधी आतून बोट फिरवायचे आणि ‘अजून पाच हाय’ म्हणायचे, मग बोअर गेज घालायचे, आणि काटा बहुतेक वेळा तिथंच जाऊन थांबायचा. अशा माणसाच्या डोळ्यात, केसाएवढ्या थरातला एकेक मायक्रॉन वर्षानुवर्षं कमी होत होता.

कळलं फार उशिरा. काचबिंदू दुखत नाही. आणि समोरचं दिसणं शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. तंतूंचा बराच मोठा वाटा गेल्यानंतर बाजूच्या नजरेत खाचा पडतात, आणि त्या खाचाही काळ्या दिसत नाहीत. मेंदू आजूबाजूचं घेऊन त्या भरून काढतो, मग माणसाला वाटतं सगळं दिसतंय. एका वर्षी नोव्हेंबरात आम्ही आप्पांबरोबर अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेलो होतो, ११ तारखेला, तिसऱ्या दिवशी. देवळातले दिवे बंद केलेले. गरुड मंडपात खेटून उभी असलेली माणसं, त्यांच्या घामाचा आणि फुलांचा वास, आणि महाद्वारातून आत येणारी ती मावळती तिरीप. आधी पायाशी, मग वर सरकत. आप्पा माझ्यापेक्षा उंच, ते सांगत होते, ‘आली, कंबरेपतूर आली, आता गळ्याला आली.’ मुखावर उजेड आला तेव्हा गजर झाला आणि त्यांनी मळवट सुद्धा दिसतोय म्हणून सांगितलं. मला काहीच दिसत नव्हतं, त्यांच्या तोंडून मी ते दर्शन घेतलं. बाहेर येताना त्यांचा पाय एका बाईच्या दुरडीत पडला. झेंडूची फुलं सगळीकडं झाली. बाई ओरडली, आप्पा ओशाळले, पैसे देऊ लागले. आम्ही सगळ्यांनी गर्दीला दोष दिला. आज कळतं की नसेच्या वरच्या बाजूचे तंतू गेले की माणसाला खालचं दिसेनासं होतं. पंधरा-वीस हातांवरचं देवीचं मुख लख्ख दिसत होतं आणि पायाजवळची दुरडी दिसत नव्हती.

त्या दिवशी त्या मुलीनं मला नाकारलं तरी डॉक्टरांनी माझा स्कॅन काढायला सांगितलाच. अभ्यासासाठी नव्हे, माझ्यासाठी. आईवडील किंवा भाऊबहीण यांच्यापैकी कुणाला काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. आतल्या लालसर उजेडात हिरवी चांदणी दिसली. ‘तिच्याकडंच बघा, पापणी आता मिटा, उघडा, आता हलायचं नाही.’ त्या एकदोन सेकंदांत माझ्या मनात आलं की या यंत्राला माझं नाव, माझं वय आणि माझा थर एवढंच कळणार आहे, आणि त्यातून ते मला एक रंग देणार आहे. कागद आला. सरासरी उजवा ८८, डावा ८९. दोन्ही हिरव्यात. पण उजव्या डोळ्याच्या वर्तुळाचे जे बारा भाग असतात, त्यातला वरचा एक पिवळा.

डॉक्टरांनी तो कागद उजेडाकडं धरला आणि म्हणाले, तुमचा डोळा लांबट आहे. उणे नंबरवाल्यांचा असतो. अशा डोळ्यात ते दोन उंचवटे कानशिलाच्या बाजूला सरकलेले असतात. यंत्र जिथं उंचवटा शोधतं तिथं तो नाही, शेजारी आहे. शिवाय लांबट डोळ्यात तेच वर्तुळ पडद्यावर थोडं मोठं पडतं, नसेपासून जरा लांबून जातं, आणि लांब गेलं की थर पातळच मिळणार. म्हणून हा पिवळा आजाराचा असेलच असं नाही. ‘आणि नसेलच असं?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘ते हा एक कागद सांगू शकत नाही. वर्षानं दुसरा काढू, मग दोन्ही शेजारी ठेवू.’ त्यांचं हे उत्तर मला आवडलं. खोटा धीर दिला नाही आणि घाबरवलंही नाही.

घरी आल्यावर आप्पांना सगळं वाचून दाखवावं लागलं. त्यांचे आकडे त्यांना पाठ आहेत, उजवा ५८, डावा ६४. माझे ऐकून ते जरा वेळ गप्प राहिले. मग चहाचा कप चाचपत खाली ठेवला आणि विचारलं, ‘ह्ये हिरवं-पिवळं कशावरनं ठरीवत्यात? मास्टर कुणाचा?’

बोअर गेज स्वतःहून काही मोजत नाही, हे मला त्यांनीच लहानपणी दाखवलं होतं. ते फक्त फरक सांगतं. आधी ते एका पोलादी कड्यात घालायचं, ज्याचं माप पक्कं ठाऊक आहे, आणि तिथं काटा शून्यावर आणायचा. ते कडं म्हणजे मास्टर. आप्पांची मास्टर रिंग लाकडी डबीत, तेल लावलेल्या कागदात गुंडाळून असायची. घामट हातानं तिला शिवायचं नाही, उन्हात ठेवायची नाही, गरम झाली की फुगते. ठरावीक काळानं ती तपासून तिचा दाखला आणायचा. मास्टर पाच मायक्रॉननं चुकला तर दिवसभराचे सगळे जॉब पाच मायक्रॉननं चुकणार, आणि प्रत्येक जॉब तपासताना काटा मात्र बरोबर आहे म्हणूनच सांगणार. सिलिंडरला ड्रॉइंग असतं. कुणीतरी आधी कागदावर लिहिलेलं असतं की हे एवढं असायला हवं. डोळ्याला ड्रॉइंग कुठलं? डोळा घडवणाऱ्यानं माप लिहून ठेवलेलं नाही. मग हे ९०, हे १००, हा हिरवा पट्टा आला कुठून?

पुढच्या वेळी मी डॉक्टरांना आप्पांच्या शब्दांतच विचारलं, आणि ते खुर्चीत मागं टेकले. त्यांनी सांगितलं ते, आणि नंतर मी शोधून वाचलं ते, मनात अजून खळबळतं आहे. मास्टर माणसांचाच असतो. यंत्र बनवणारे काही निरोगी माणसं निवडतात, त्यांचे डोळे मोजतात, वयानुसार मांडतात आणि ती मापं यंत्रात भरून ठेवतात. मग आपला थर त्यांच्या रांगेत उभा केला जातो. त्या वयाच्या शंभर निरोगी माणसांत सगळ्यात पातळ असलेल्या पाचांत आपण येत असलो तर पिवळा, सगळ्यात पातळ अशा एकात येत असलो तर लाल. म्हणजे पूर्ण निरोगी अशा शंभरांतल्या पाचांना पिवळा किंवा लाल मिळणारच, हे आधीपासून त्यात धरलेलंच आहे. काचबिंदूसाठी डोळ्याचा दाब मोजतात, त्याचंही तसंच. २१ च्या वर गेला की जास्त, हा आकडा निरोगी लोकांचे दाब मोजून, त्यांची सरासरी आणि पसारा काढूनच आला आहे. आणि २१ च्या आत दाब असूनही काचबिंदू होणारी माणसं भरपूर आहेत.

आणि ती रांग कुणाची? जगभर खूप वापरल्या जाणाऱ्या झाइसच्या सिरस या यंत्राची माहिती प्रसिद्ध आहे. त्याच्या मूळ संचात २८४ निरोगी माणसं होती, विशीतल्यांपासून ऐंशी ओलांडलेल्यांपर्यंत. त्यात गोरे ४३ टक्के, आशियाई २४ टक्के, आफ्रिकी वंशाचे अमेरिकी १८ टक्के. भारतीय १ टक्का. २८४ चा एक टक्का म्हणजे जेमतेम तीन माणसं. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, ‘किती?’ मी म्हटलं, तीन. ते म्हणाले, ‘आनि आपल्या सगळ्यांस्नी त्यावर घालत्यात?’

फरक पडतोच असं नाही, असं कुणी म्हणेल. पडतो. सिंगापुरात चिनी, मलय आणि भारतीय वंशाची निरोगी माणसं एकाच पद्धतीनं मोजली तेव्हा भारतीयांचा थर बाकी दोघांपेक्षा काही मायक्रॉन पातळ निघाला. निरोगी असूनच पातळ. दिल्लीच्या एम्समध्ये २००४ च्या सुमाराला तेव्हाच्या जुन्या यंत्रावर निरोगी भारतीय डोळे मोजले, तिथं सरासरी १०४ च्या आसपास आली. आता हे ऐकून कुणी आपले ९२ घेऊन बसला तर उगाच हबकेल. जुनं यंत्र निरोगी थर जरा जाड दाखवायचं, नवी यंत्रं पातळ दाखवतात. एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही, हा नियम आप्पांना समजावावा लागला नाही. ते दोन वेगवेगळ्या गेजची मापं एका वहीत कधी लिहीत नसत.

वयाचंही त्यांनी आपण होऊन विचारलं. ‘झीज धरल्याली असती का?’ असते. निरोगी डोळ्यातही दर दहा वर्षांना साधारण दोन मायक्रॉन जातात, म्हणून रांग वयानुसार लावतात. पण मला सांगायला सगळ्यात जड गेली ती दुसरी गोष्ट. आप्पा विचारत होते की सगळे तंतू गेले तर शून्य दिसतं का. दिसत नाही. पार दिसेनाशा झालेल्या डोळ्यातही यंत्र पन्नासेक मायक्रॉन दाखवतं, कारण तंतू गेले तरी त्यांच्यामधल्या रक्तवाहिन्या आणि आधार देणाऱ्या पेशी तिथंच राहतात. कागदावर ५८ वाचताना वाटतं निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. त्यातले पन्नास वजा केले की उरलेलं दोन हातांच्या बोटांवर मोजता येईल इतकंच. मी हे बोलले आणि बोलायला नको होतं की काय असं वाटून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मनात हिशेब केलेला दिसत होता. ‘म्हंजे आठ,’ ते म्हणाले. ‘आठ हाय ते जपायचं.’ त्या रात्री त्यांनी थेंब घालायची आठवण करू दिली नाही. आधीच घातले होते.

त्या मुलीच्या फॉर्मचा मी त्यानंतर बराच विचार केला. तिनं मला वगळलं ते बरोबर होतं. मास्टर शंकास्पद असून चालत नाही. माझ्या डोळ्यात आज काही नसेल, पण दहा वर्षांनी निघालं तर तिच्या निरोगी रांगेत आजारी डोळा उभा राहिला असं होईल, आणि त्या रांगेवरून पुढं कुणाला तरी हिरवा मिळेल ज्याला पिवळा मिळायला हवा होता. असा खोटा हिरवा खोट्या लालपेक्षा भयंकर. लाल आला तर माणूस धास्तीनं का होईना पुन्हा येतो. हिरवा आला की निवांत घरी जातो. पण दुसरी बाजूही मला सोडत नाही. शुगर नाही, बीपी नाही, मोठा नंबर नाही, नात्यात आजार नाही, अशी गाळून घेतलेली माणसं मोजली तर आपल्या गल्लीतली खरीखुरी माणसं त्या पट्ट्यात कशी बसणार? आमच्या गल्लीत चाळिशीपुढच्या किती जणांना शुगर नाही? भारतात काचबिंदूचे एक कोटीहून जास्त पेशंट असल्याचा अंदाज आहे, त्यांच्या मुलाबाळांनी, भावाबहिणींनी कुठल्या रांगेत उभं राहायचं? मला वाटतं आमच्यासारख्यांची वेगळी नोंद हवी, आणि ती लांबवर चालणारी हवी. आज निरोगी, नात्यात आजार, पुढं काय होतं ते दर वर्षी. एका दिवसाच्या मापानं हे होणार नाही, आणि एका मुलीच्या प्रबंधात तर मावणारच नाही. पण तिनं चाळीस-पन्नास कोल्हापूरकरांचे निरोगी डोळे जरी नीट मोजून लिहून ठेवले तरी ती तिनाच्या पुढं गेली.

आणि त्या तिघांबद्दलही मला कुतूहल आहे. कोण असतील? परदेशातल्या कुठल्याशा दवाखान्यात कुणीतरी त्यांना थांबवलं असेल, वेळ आहे का विचारलं असेल. त्यांनी हनुवटी टेकवली, चांदणीकडं पाहिलं, आणि आपल्या कामाला गेले. त्यांना त्यातून काही मिळालं नाही. त्यांचे आकडे मात्र यंत्रात बसून इथं राजारामपुरीत येऊन पोचले. माझा नवराही आता तसाच कुणाच्यातरी रांगेत उभा आहे, त्याला त्याचं काही विशेष वाटत नाही. मला वाटतं. मी त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, ‘दोन मिनिटं बसलो फक्त.’ रक्तदानाचं महत्त्व आपल्याला शाळेपासून कळतं, त्याचे फलक चौकाचौकात लागतात. धडधाकट असताना आपलं माप लिहून द्यायचं, म्हणजे उद्या दुसऱ्याचा बिघाड त्यावरून ओळखता येईल, हे देणंही मला त्याच तोलाचं वाटतं. त्याचा फलक मी कुठं पाहिलेला नाही.

स्वतःपुरतं म्हणाल तर माझा मास्टर आता माझ्याकडं आहे. ८८ आणि ८९. परक्या रांगेत मी कुठं बसते यापेक्षा, पुढच्या वर्षी याच यंत्रावर हे आकडे जागेवर राहतात का, हे मला जास्त सांगून जाईल. दोन-चार मायक्रॉन इकडंतिकडं झाले तर तो मोजण्यातला फरक असू शकतो, त्याहून जास्त सरकले आणि पुन्हा काढल्यावरही तसेच आले तर लक्ष द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. आप्पांना जर पन्नाशीत असा एक कागद मिळाला असता! तेव्हा कोल्हापुरात हे यंत्र नव्हतं, आणि असतं तरी काही होत नसताना ते दवाखान्यात गेले नसते. त्यांच्या शेडमधल्या एकाही माणसाला तसं जाताना मी पाहिलं नाही.

परवा त्यांनी मला फोन लावून द्यायला सांगितलं, धाकट्या काकांना, हुपरीला. काका साठीचे, अजून पैंजणं घडवतात, तारेला तार जोडायचं बारीक काम. स्पीकरवर टाकला होता. आप्पांनी सुरुवातच ‘गुरुवारी इकडं ये, डोळं मोजायचं हाईत’ अशी केली. काका म्हणाले, ‘मला काय झालंय? सुईत दोरा ववतोय मी.’ आप्पा म्हणाले, ‘काय झालं न्हाई तवरच ये. मी पन मळवट बघत हुतो.’ काकांना मळवटाचं काही कळलं नसणार, पण दादांचा आवाज त्यांना कळला. एकटे येऊ नका, मुलाला घेऊन या, त्याचाही काढू, असं मी सांगितलं. आत्याला इचलकरंजीला आज फोन करायचा आहे. काका एसटीनं येतील. गाडी आणू नका म्हणून बजावलंय, थेंब घातले तर दुपारच्या उन्हात परत जाताना काही सुधरणार नाही.